बॉडी उतरवल्यावर उरलेली गाडी

फोक्सवॅगन बीटलची बॉडी खालच्या तळपत्र्याला दोन-अडीच डझन बोल्टांनी बसवलेली असते. ते सोडले, स्टिअरिंगचा दांडा आणि काही वायरी-नळ्या सुट्या केल्या, की चार धडधाकट माणसे ती उचलून बाजूला ठेवू शकतात. खाली उरते ते विलक्षण आहे. मधोमध पाठीच्या कण्यासारखा एक पोकळ बोगदा, त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची जमीन, पुढे-मागे चाके, मागच्या टोकाला गिअरबॉक्स आणि त्याला चार बोल्टांनी लटकलेले इंजिन. पेट्रोलची टाकी तेवढी बॉडीबरोबर गेलेली असते. एक डबा बांधला आणि पत्र्यावर खुर्ची ठोकली, की हा सांगाडा चालवत नेता येतो.

फर्डिनंड पोर्शे यांनी 1930च्या दशकात ही रचना केली, तेव्हा गाडी स्वस्त, हलकी आणि दुरुस्तीला सोपी असावी एवढाच विचार होता. लोक घरच्या अंगणात तिला कापून दुसरीच गाडी उभी करतील, हे त्यात कुठेच नव्हते. तरी पुढचे सगळे प्रकरण त्या बोल्टांतूनच निघाले असे मला वाटते. 2003 मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे शेवटची बीटल तयार झाली, तोवर एकूण आकडा 2 कोटी 15 लाखांच्या पुढे गेला होता. म्हणजे अपघातात चेपलेल्या, गंजलेल्या, कवडीमोल झालेल्या बीटलही लाखोंनी होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकांचा खालचा भाग ठणठणीत होता.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हे आधी लक्षात आले. पिस्मो बीचच्या वाळूच्या टेकड्यांवर जुन्या अमेरिकन गाड्यांचे सांगाडे पळवणाऱ्यांना दिसले, की उघडी-बोडकी फोक्सवॅगन त्यांच्याहून सहज वर चढते. कारण साधे आहे. इंजिन आपल्या रिक्षासारखे मागे, ओढणारी चाकेही मागेच; वजन नेमके जिथे हवे तिथे. पाण्याचा रेडिएटर नाही, त्यामुळे तो उकळण्याची भीती नाही. फोर-व्हील ड्राइव्हचा खर्च वाचतो.

ब्रूस मेयर्स यांनी हे पाहिले. 1926 सालचा जन्म, पोहणारा आणि सर्फिंग करणारा माणूस, चित्रकलेचा हात. दुसऱ्या महायुद्धात ते ‘बंकर हिल’ या विमानवाहू नौकेवर होते. मे 1945 मध्ये ओकिनावाजवळ तिच्यावर जपानी आत्मघातकी विमाने आदळली, त्यातून ते वाचले. पुढे फायबरच्या होड्या बांधण्याच्या धंद्यात शिरले आणि साच्यातून वक्र आकार कसा काढायचा, पातळ फायबरला ताकद कशी द्यायची हे तिथे हातात बसले. 1964 मध्ये न्यूपोर्ट बीचच्या आपल्या गॅरेजमध्ये त्यांनी लाल रंगाची पहिली गाडी काढली. आखूड, दारे नसलेली, मडगार्डांचे मोठे उंच कान असलेली वाळूतली बग्गी. बिनशेपटीच्या मांजराच्या जातीवरून तिला नाव दिले ‘मँक्स’. मला ती अजूनही होडीवाल्याने केलेली गाडी वाटते. तिच्यात सरळ रेघ शोधावी लागते.

त्या पहिल्या डझनभर गाड्यांना बीटलचा तळपत्रा नव्हताच. फायबरची बॉडी हीच चासी होती आणि यांत्रिक भाग तिलाच जोडलेले. अभियंत्याच्या नजरेने ती अधिक देखणी रचना, पण करायला महाग आणि जोडायला किचकट. मग मेयर्स यांनी स्वतःची हुशारी बाजूला ठेवून बीटलचा तळच आखूड करून वापरायचे ठरवले. त्यामुळे गिऱ्हाइकाने फक्त बॉडीचा संच घ्यायचा आणि भंगारातली बीटल आणायची. चासी नंबर मधल्या बोगद्यावरच कोरलेला असल्याने कागदोपत्री गाडी बहुतेक ठिकाणी फोक्सवॅगनच राहिली.

खरी कसोटी या कापण्यात आहे. मूळ बीटलच्या दोन आसांमधले अंतर 2,400 मिलीमीटर. त्यातून साधारण 14 इंच काढायचे. पत्रा कापणे सोपे, पण बोगद्याच्या पोटातून क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबलच्या नळ्या, पेट्रोलची नळी आणि गिअरचा लांब दांडा जातो. ते सगळे तेवढेच आखूड करायचे. गिअरचा दांडा कापून पुन्हा वेल्डिंग करताना किंचित फिरला, तर दुसरा गिअर टाकायला जावे आणि लिव्हर भलतीकडेच जावी अशी गत होते. जोड तिरपा बसला तर गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी तिरकी धावते. म्हणून जाणकार आधी जमिनीवर खडूने रेघा मारतात, तळ पक्क्या फ्रेमला जखडतात आणि मग करवत लावतात. वाळूत वळायला आणखी एक युक्ती आहे. मागच्या दोन चाकांना वेगवेगळे हँडब्रेक. एक चाक रुतून नुसतेच फिरू लागले, की त्याला ब्रेक लावायचा. डिफरन्शियल ताकद दुसऱ्याकडे ढकलते.

इंजिनाशी मात्र जपून वागावे लागते. चार सिलिंडर दोन-दोन समोरासमोर आडवे पडलेले, 1600च्या इंजिनात प्रत्यक्षात 1,584 सीसी. डायनॅमोच्याच दांड्यावर बसवलेला पंखा हवा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरांवर सोडतो. पट्टा तुटला की चार्जिंग आणि गारवा एकदमच बंद. म्हणून लाल दिवा लागला की जिथे असाल तिथे थांबायचे. नवशिके इंजिन चकाकते दिसावे म्हणून सिलिंडरभोवतीचे पत्रे काढून फेकतात. ते शोभेचे नाहीत, हवा त्यांच्यामुळेच जागेवर जाते. जुन्या रचनेत ऑइल कूलर याच वाटेत उभा होता आणि त्यातून तापलेली हवा तिसऱ्या सिलिंडरवर पडे. जळायचा तो बहुधा तिसराच. कंपनीने 1971च्या मॉडेलपासून कूलर मागे सरकवून त्याला वेगळी वाट दिली; आज नवे इंजिन बांधणाराही तेच आवरण शोधतो. पिस्टन 85.5 ऐवजी 94 मिलीमीटरचे घातले की त्याच क्रँकवर 1,915 सीसी मिळतात. त्यासाठी केस आणि हेड बोअर करावे लागतात. ताकदीबरोबर उष्णताही वाढते आणि हौशी मंडळींचे निम्मे वाद या हिशेबावरच होतात. 1969 मध्ये जॉन म्युर या माणसाने अगदी अडाण्यालाही जमेल अशा भाषेत फोक्सवॅगन दुरुस्तीचे पुस्तक काढले. या छंदातली कितीतरी माणसे त्यावरच शिकली.

मँक्सचे नाव गाजले ते 1967 मध्ये. मेयर्स आणि टेड मँगल्स त्या पहिल्या लाल गाडीतून मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पाची धूळवाट ला पाझपासून टिहुआनापर्यंत 35 तासांच्या आत पार करून गेले आणि मोटारसायकलस्वारांचा आधीचा विक्रम पाच तासांनी मोडला. त्याच वर्षी त्या वाटेवरची पहिली रीतसर शर्यतही मँक्सनेच जिंकली. मग मागणीचा पूर आला, आणि त्यामागून नकलांचा. फायबरच्या बॉडीवरून साचा काढायला मेणाचा हात, फायबर आणि एक सुट्टीचा आठवडा पुरतो. मेयर्स पेटंट घेऊन न्यायालयात गेले; ते टिकणारे नाही असा निकाल लागला. सहा-सात हजार संच विकून 1971 मध्ये त्यांची कंपनी मिटली. नकलांचे अंदाज अडीच लाखांपर्यंत जातात. निकाल मला अन्यायाचा वाटतो. पण दुसऱ्याच्या तळावर आपली बॉडी ठेवायची वाट त्यांनीच इतकी सोपी केली होती, की त्यांच्यापाशी येऊन ती थांबणे अवघड होते.

ब्राझीलने ही वाट सगळ्यांत पुढे नेली. तिथे फोक्सवॅगनचेच कारखाने होते, सुटे भाग गल्लोगल्ली. जोआओ गुर्गेल यांनी त्याच यंत्रावर फायबरच्या जीपा काढल्या आणि त्यांना ती वेगळ्या ब्रेकची युक्तीही दिली. नाताल शहराजवळच्या टेकड्यांवर बग्गीवाला आजही पर्यटकाला विचारतो : थराराची फेरी की बिनथराराची?

आपल्याकडे हे इंजिन आले ते मुख्यतः साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे गोव्यापर्यंत पोचलेल्या व्हॅनच्या मागच्या पोटातून. बग्गीचा छंद मात्र रुजला नाही. एक तर भंगारात बीटलच नव्हत्या. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितले. चासी 14 इंचांनी कापून आरटीओसमोर उभे राहण्याची कल्पना करून पाहावी.

मेयर्स यांचे 2021 मध्ये, वयाच्या 94व्या वर्षी निधन झाले. त्याआधी त्यांनी पुन्हा संच काढायला सुरुवात केली होती आणि बग्गीवाल्यांचा क्लबही उभा केला होता. लोक जुन्या गाड्या त्यांना दाखवत. ते आपल्या साच्याच्या खुणा पाहून खरी मँक्स कोणती ते सांगत. क्लबात नकलेच्या मालकांनाही मज्जाव नव्हता.