वाऱ्याचा हिशेब

गतवर्षी स्नेहसंमेलनास आम्ही दोघे माजी विद्यार्थी शाळेत आलो असता नववीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले, "दादा, वारा तर दिसतही नाही, मग तो तुम्हांला एवढा कसा दमवतो?" उत्तर देण्यास आरंभ केला आणि घंटा झाली. ते अपुरे राहिलेले उत्तर या स्मरणिकेत पूर्ण करीत आहोत.

प्रश्न होता लान्सारोते बेटावरील अर्धअंतर ट्रायथलॉनविषयी. या स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, असे एकूण ११३ किलोमीटरचे अंतर सलग पार करावयाचे असते. त्यासाठी साधारणतः साडेआठ तासांची मुदत असते. शिवाय पोहणे व सायकल यांच्याही स्वतंत्र मुदती असतात. त्यांपैकी एक जरी हुकली तरी स्पर्धकास तेथेच थांबविले जाते. तीन वर्षे पगारातून पैसे बाजूला टाकून आम्ही तेथे गेलो होतो. त्यामुळे थांबविले जाण्याची भीती आम्हांस इतरांहून थोडी अधिकच होती, हे कबूल करावयास हवे.

लान्सारोते हे स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातील बेट. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर. १ सप्टेंबर १७३० रोजी तेथे जमीन फाटली आणि १७३६ च्या एप्रिलपर्यंत ज्वालामुखी धगधगत राहिला. याइसा गावचे धर्मगुरू आंद्रेस लोरेंसो कुर्बेलो यांनी त्या उद्रेकाच्या आरंभकाळाची रोजनिशी लिहून ठेवली आहे. जवळजवळ पाव बेट लाव्हाखाली गेले. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच; परंतु तो काही कोटी वर्षांचा, आणि म्हणून त्यावर माती आहे, रान आहे. तिमानफायाचा लाव्हा तीनशे वर्षांचाही नाही. नांगरलेले काळे शेत एकाएकी दगड व्हावे, तसा तो मैलोन्‌मैल पसरलेला आहे. त्यावर झाड नाही, आणि झाड नाही म्हणून आडोसाही नाही.

वारा तेथे पाहुणा नसून रहिवासी आहे. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, तिची जागा घेण्यास उत्तरेकडील हवा खाली वाहू लागते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे ती वळून ईशान्येकडून येते. भूगोलाच्या पुस्तकातील 'व्यापारी वारे' ते हेच. शेजारच्या तेनेरीफे बेटावर ३,७१५ मीटर उंचीचा तेइदे पर्वत आहे. त्याच्या अंगावर ढग अडतात. लान्सारोतेचे सर्वोच्च शिखर जेमतेम ६७० मीटर. त्यामुळे ढग बहुधा वरून निघून जातात, पाऊस नाममात्र पडतो आणि वारा तेवढा मागे उरतो.

आता मूळ प्रश्न. हवेचा विरोध हा सायकलस्वार आणि हवा यांच्या परस्परसापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शांत हवेत आपण ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असलो, तर हवा आपल्याला ३० च्या वेगाने भेटते. समोरून २० चा वारा असेल तर तीच हवा ५० च्या वेगाने आदळते. ५० चा वर्ग २५००, ३० चा ९००; म्हणजे विरोध जवळजवळ पावणेतीन पट. पुढच्या सायकलस्वाराच्या पाठीमागे लपावे, तर नियमाने सुमारे बारा मीटरचे अंतर राखावे लागते.

यावर कोणीही म्हणेल, की परतीच्या वाटेवर वारा पाठीशी असतो, तेव्हा भरपाई होईलच. आम्हीही घरी असेच धरून चाललो होतो. पण गणित करून पाहा. जाताना ४५ किलोमीटर ताशी २२ च्या वेगाने गेलो, तर २ तास ३ मिनिटे लागतात. येताना ४० चा वेग मिळाला, तर १ तास ८ मिनिटे. एकूण ३ तास ११ मिनिटे. वाराच नसता आणि वेग ३० राहिला असता, तर तीनच तास लागले असते. २२ आणि ४० यांची साधी सरासरी ३१ येते, म्हणून मन फसते. पण संथ वेगात आपण अधिक काळ अडकून पडतो, हे सरासरीत दिसत नाही.

आमच्यापैकी एकाने हे गणित वहीत केले होते, रस्त्यावर मात्र तो ते विसरला. (कोण, ते सांगत नाही, सहाध्यायी ओळखतीलच.) समुद्रातून बाहेर पडण्यास त्याला अपेक्षेपेक्षा उशीर झाला होता. शाळेमागच्या विहिरीत शिकलेल्या पोहण्याला लाटांची सवय नव्हती, आणि श्वास घ्यायला मान वळवली की तोंडात खारे पाणी येत होते. तो उशीर भरून काढण्यासाठी समोरच्या वाऱ्यातही त्याने ३० चा वेग सोडला नाही. दुसऱ्याने वेगमापकाकडे पाहणेच थांबविले. पायांवरचा ताण आणि श्वास एवढ्यावरच लक्ष ठेवून, वेग २० पर्यंत घसरला तरी तो घसरू दिला. पुढे गेलेला मित्र दिसेनासा झाला, तेव्हा त्याला हे धोरण भित्रेपणाचे वाटू लागले होते, हेही नमूद करतो.

आडवा वारा निराळा. टेकडीच्या आड तो एकाएकी थांबतो. वाऱ्याकडे कललेली सायकल तोल सावरते न सावरते तोच टेकडी संपते आणि धक्का बसतो. उंच रिमची चाके शिडासारखी वारा धरतात. अशा वेळी हँडल आवळून धरले की डुगडुग वाढते, हात सैल ठेवावे लागतात.

ला हेरियाच्या परिसरातील शेती पाहिल्यावर वाऱ्याचा मुक्काम किती जुना आहे ते कळते. तेथील शेतकरी ज्वालामुखीच्या काळ्या बारीक खड्यांत खोलगट खड्डे करतात आणि तळाशी द्राक्षाचा वेल लावतात. वाऱ्याच्या बाजूस दगडांची अर्धवर्तुळाकार बुटकी भिंत रचतात. ते खडे ओलावा राखतात, भिंत वारा अडवते. खड्ड्यामागे खड्डा, असे हजारो.

धावण्यात वाऱ्याने आणखी एक खोडी केली. पाठीमागून १० चा वारा आणि आपली धावही १० ची, म्हणजे अंगाला वारा लागतच नाही. घाम सुकत नाही, शरीर तापते. उलट सायकलवर घाम इतका झटपट उडून गेला होता, की तो आला हेच कळले नाही. हातांवर मिठाची पांढरी पूड तेवढी राहिली होती. समोरच्या वाऱ्यात शक्ती उधळलेल्या आमच्या मित्राने पाणीही कमी घेतले होते. बाराव्या किलोमीटरला त्याच्या पोटऱ्यांत पेटके आले. मागून येणाऱ्याने त्याला तेथे गाठले. मदतकेंद्रावर दोघांनी पाणी आणि मीठ घेतले व उरलेले नऊ किलोमीटर बरोबर चालत, जमेल तेथे धावत काढले. मुदत संपण्यास एकवीस मिनिटे उरली असता आम्ही अंतिम रेषा ओलांडली.