मार्गदर्शक रेषा (व्हेक्टर चित्रण)

मार्गदर्शक रेषा म्हणजे व्हेक्टर, अर्थात सदिश, चित्रण करणाऱ्या संगणकीय प्रणालीत वस्तू एका ओळीत आणण्यासाठी पडद्यावर आखलेली, परंतु छपाईत न उमटणारी रेषा होय. गवंडी भिंत रचताना जी दोरी ताणतो, तिचेच काम ही रेषा करते. इंकस्केप, कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर या प्रचलित प्रणालींत ही सोय आहे. देवनागरी मजकुराच्या मांडणीत तिचे महत्त्व अधिक आहे. रोमन अक्षरे तळरेषेवर बसतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेपासून खाली लोंबतात. आणि या प्रणालींची जुळणीची साधने मुख्यतः पहिल्या प्रकारच्या लिपीचा विचार करून घडलेली आहेत.

वस्तू ओढत असताना ती जवळच्या साहाय्यक रेषेला आपोआप चिकटावी, ही कल्पना झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात एरिक बिअर व मॉरीन स्टोन यांनी १९८६ मध्ये मांडली. भूमितीतील पट्टी व कंपास हे त्यांच्यासमोरचे प्रतिमान होते.

वापर

इंकस्केपमध्ये वरच्या मोजपट्टीवरून माउसने खाली ओढल्यास आडवी आणि डाव्या मोजपट्टीवरून ओढल्यास उभी रेषा मिळते. रेषेवर दोनदा क्लिक केले की तिचे स्थान व कोन अंकांत देता येतात. अंदाजाने ओढण्यापेक्षा अंक देणे केव्हाही चांगले. रेषा नुसती आखून भागत नाही. चिकटण्याची सोय चालू नसेल, तर वस्तू रेषेच्या जवळ येते, तिच्यावर बसत नाही. जाळी हा याहून वेगळा प्रकार आहे: ती रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणे सर्व पानभर सारख्या अंतरावर असते, तर मार्गदर्शक रेषा हवी तेथेच घेतली जाते.

शिरोरेषेची जुळणी

वाशिम जिल्ह्यात वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके आहेत. एखाद्या फलकावर ही सहा नावे स्वतंत्र वस्तू म्हणून एका रांगेत मांडायची आहेत, असे समजू. मजकूर टंकित स्वरूपात असेल आणि फाँट व आकार एकच असतील, तर तळरेषा जुळवली की शिरोरेषाही जुळते. परंतु छापखान्याकडे तो फाँट असेलच असे नाही, म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी अक्षरांचे वक्राकृतींत रूपांतर करण्याची पद्धत आहे. त्या क्षणी प्रणालीच्या लेखी तो मजकूर उरत नाही, नुसत्या आकृती उरतात.

आता ‘वरच्या कडा जुळवा’ ही आज्ञा दिल्यास प्रणाली प्रत्येक आकृतीचा सर्वांत उंच बिंदू धरते. ‘कारंजा’मध्ये तो अनुस्वार असतो, ‘वाशिम’मध्ये वेलांटीची कमान. दोहोंची उंची बहुतेक फाँटांत सारखी नसते. त्यामुळे कडा जुळतात आणि शिरोरेषा वरखाली होतात. मध्यरेषेवर जुळवल्यानेही हा दोष जात नाही. खालच्या कडाही भरवशाच्या नसतात, कारण ‘ड’, ‘ळ’, ‘र’ यांची टोके एकाच पातळीवर संपतील असे नाही.

यावर उपाय साधा आहे. पहिल्या नावाच्या शिरोरेषेच्या वरच्या कडेवर, दृश्य पुरेसे मोठे करून, एक आडवी मार्गदर्शक रेषा बसवावी. मग प्रत्येक नाव शिरोरेषेच्या कोपऱ्यातील बिंदूजवळ धरून त्या रेषेला चिकटवावे. ओढताना कंट्रोल कळ दाबून धरली, तर नाव सरळ वरखालीच सरकते आणि आडवे अंतर बिघडत नाही. त्याच ओळीत रोमन अक्षरे असतील, तर त्यांच्या तळासाठी दुसरी रेषा घ्यावी. एकाच रेषेवर दोन्ही लिपी टांगण्याचा हट्ट धरू नये.

मोठे फलक अनेकदा एक दशांश प्रमाणात रेखाटतात. तेव्हा पडद्यावर राहिलेला १ मिलिमीटरचा फरक छापील फलकावर १ सेंटिमीटर होतो, आणि शिरोरेषेतील एवढी पायरी रस्त्यावरूनही दिसते.

स्वयंचलित रेषा

वस्तू हलवताना शेजारच्या वस्तूची कड किंवा मध्य जुळताच क्षणभर उमटणाऱ्या रेषाही असतात. इंकस्केपमध्ये ही सोय २०२२ च्या १.२ आवृत्तीत आली. चौकटी, चिन्हे व छायाचित्रे यांसाठी ती उत्तम आहे. वक्राकृतींत रूपांतरित देवनागरी शब्दांबाबत मात्र तीही आकृतीच्या बाह्य चौकटीवरच विसंबते. तेथे हाताने घेतलेली रेषाच वापरावी लागते.