मोसम धरून वर, थेट मुल्हेरला

मालेगावकर मोसम पूल रोज ओलांडतो, पण खाली नदीकडे फारसा बघत नाही. शहरातल्या मोसमची अवस्था पाहता त्याला दोष देता येणार नाही. हीच नदी धरून उलट्या दिशेने वर निघालात तर मात्र नामपूर, जायखेडा, ताहाराबाद मागे पडतात, दोन्ही अंगांनी डोंगर जवळ सरकतात आणि सागाच्या जंगलाच्या तोंडाशी एक जुनं गाव लागतं, मुल्हेर. सुट्टीचं ठरवताना आपल्याला महाबळेश्वर आठवतं, सापुतारा आठवतो. माझं आग्रहाचं म्हणणं असं, की मालेगावकराची पहिली सहल आपल्याच नदीच्या वरच्या अंगाला व्हावी. कारणं भरपूर आहेत.

शुक्रवार आपलाच

सगळ्या देशाची सुट्टी रविवारी, मालेगावची शुक्रवारी. त्या दिवशी यंत्रमाग थांबतात आणि शहराचा खडखडाट उतरतो. सहलीसाठी हा मोठाच फायदा आहे. शनिवार-रविवारी गडांवर नाशिक-पुण्याच्या ट्रेकर मंडळींची वर्दळ असते, शुक्रवारी वाट मोकळी. गाडी असेल तर नामपूरवरून नदीच्या काठाकाठाने जा. एसटीने जायचं तर सटाणा गाठून ताहाराबादचा रस्ता धरा. सटाण्याला थांबलात तर आरम नदीकाठी देवमामलेदार यशवंतराव महाराजांचं मंदिर आहे. दुष्काळात सरकारी खजिन्यातले १ लाख २७ हजार रुपये लोकांना वाटून टाकणारा हा मामलेदार. इंग्रजी अंमलातल्या महसुली अधिकाऱ्याची गावाने यात्रा भरवावी, असं उदाहरण शोधून सापडणार नाही.

निघण्याआधी किल्ला

मालेगावचा भुईकोट मोसमच्या काठावरच आहे. तो बांधला नारोशंकर राजेबहाद्दरांनी, अठराव्या शतकात. नाशिकला गोदाकाठी रामेश्वराच्या देवळावर जी प्रसिद्ध घंटा टांगलेली आहे, ती ‘नारोशंकराची घंटा’ म्हणजे याच सरदाराची. १८१८ च्या मे-जूनमध्ये इंग्रजांनी या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा आतल्या अरब शिबंदीने जवळजवळ महिनाभर तो लढवला. किल्ला जूनमध्ये पडला आणि जुलैत वर मुल्हेरनेही शरणागती पत्करली. एकाच नदीवरचे दोन किल्ले, एकाच पावसाळ्याच्या तोंडावर गेले.

पाणी वाटून घेणारी गावं

मोसम खोऱ्यातली सगळ्यात नवलाची गोष्ट कोणत्याही पर्यटन फलकावर दिसणार नाही. ती म्हणजे फड पद्धत. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेली ही सिंचनाची व्यवस्था. नदीत आडवा दगडी बंधारा घालायचा, त्याच्या एका टोकातून पाट काढायचा, आणि पाणी उताराने आपोआप शिवारात आणायचं. पंप नाही, इंजिन नाही.

खरी कमाल पुढे आहे. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडायचे, त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या वर्षी ह्या फडात ऊस, त्या फडात गहू-हरभरा, तिसऱ्यात खरीप, एखादा पडीक. पुढच्या वर्षी पिकांची जागा बदलायची. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असते, त्यामुळे उसाचं पाणी एकट्याच्याच वाट्याला आलं असं होत नाही. पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी. त्याची मजुरी पूर्वी धान्यात मिळे. शेतकरी स्वतः दार उघडायला जात नाही, पाटकरी एका टोकापासून क्रमाने रान भिजवत जातो. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा हे सगळे मिळून ठरवतात, आणि तुटीचा भार सगळ्यांवर सारखा पडतो.

पाण्यावरून भाऊबंदकी पेटणाऱ्या मुलखात हा कायदा कागदावर न येता पिढ्यान्‌पिढ्या टिकला, याचं मला फार मोल वाटतं. पुढे धरणं झाली, विहिरी-बोअरवेल वाढल्या, प्रत्येकाला आपलं पीक निवडता येऊ लागलं आणि बरेच फड मोडले. काठाने जाताना जुना बंधारा दिसला तर गाडी थांबवा आणि एखाद्या वडीलधाऱ्याला विचारा, “बाबा, फड कुठवर व्हता?” उत्तरात तासभर सहज जाईल, आणि बरंचसं अहिराणीत मिळेल.

अकबराच्या दरबारी बागलाणची फळं

आज बागलाण, म्हणजे हा सटाणा-मुल्हेरचा मुलूख, म्हटलं की कांदा, डाळिंब आणि हंगामाआधी बाजारात येणारी अर्ली द्राक्षं. पण फळांची ही ख्याती आजची नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त या डोंगराळ मुलखाची नोंद घेतली, तीत इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची तारीफ आहे. सोबत सात किल्ल्यांचा उल्लेख आहे, आणि त्यांतले मुल्हेर आणि साल्हेर असामान्य बळकट असल्याचं तो सांगतो. चारशे वर्षांनंतरही फळं तीच आणि किल्लेही तेच.

मुल्हेर: लहान गाव, मोठी राजधानी

सातशे वर्षांपूर्वी हे गाव आजच्यासारखं आडबाजूला नव्हतं. सुरतेच्या बंदरातून दख्खनमध्ये येणारा व्यापारी मार्ग बागलाणातून जायचा, आणि त्यावर नजर ठेवणारी राजधानी म्हणजे मुल्हेर. बागुल राजांनी इथून तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं. ते स्वतःला राठोड कुळातले म्हणवत. त्यांची स्वतःची टांकसाळ होती. तिथे पडलेली ‘महमुदी’ नावाची चांदीची नाणी सुरतेच्या बाजारात चालत.

या राजघराण्याचं चरित्र एका कवीने संस्कृतात लिहून ठेवलं आहे. रुद्रकवीचं ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’, साल १५९६, आश्रयदाता नारायणशहा. त्यात मुल्हेरचं नाव येतं मयूरगिरी. त्यानंतर चाळीस-बेचाळीस वर्षांतच, १६३८ मध्ये, दख्खनचा सुभेदार असलेल्या तरुण औरंगजेबाच्या फौजेने मुल्हेर घेतलं आणि बागुलांची सत्ता संपली.

गावाच्या डोक्यावर एक नाही, तीन किल्ले आहेत: मधे मुल्हेर, एका बाजूला मोरा, दुसऱ्या बाजूला हरगड. सगळे बघायचे तर पूर्ण दिवस हाताशी ठेवा. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर मुल्हेरच्या माचीपर्यंतच जा. तळ्याकाठचं गणपतीचं देऊळ, सोमेश्वराचं मंदिर आणि राजवाड्याचे अवशेष तिथेच भेटतात, आणि डबा सोडून बसायला त्याहून चांगली जागा या पट्ट्यात नाही.

तारीख जुळवता येत असेल तर कोजागरी गाठा. गावात उद्धव महाराजांचं समाधी मंदिर आहे आणि शरद पौर्णिमेला तिथे रासक्रीडेचा उत्सव होतो. केळीच्या खांबांनी आणि फुलांनी सजवलेलं भलंमोठं चक्र उभारतात आणि त्याखाली रात्रभर पदं गातात. मराठी पदांच्या जोडीला गुजराती आणि व्रज भाषेतली पदंही असतात. सुरतेच्या रस्त्यावरच्या गावाला हे शोभतंच.

लाल तळवे

जंगलात शिरल्यावर मुलांना सांगायचा पहिला खेळ: सागाचं कोवळं पान घ्या आणि तळहातावर चोळा. हात रक्तासारखा लाल होतो. इथल्या प्रत्येक पोराला हे ठाऊक असतं, शहरातली मुलं मात्र दचकतात आणि मग हात धुवायलाच तयार होत नाहीत.

लाल रंगावरून आठवलं: लाल लाकडाची जगप्रसिद्ध जंगलं अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आहेत. रेडवूड हा जगातला सर्वांत उंच वृक्ष, आणि त्यातला ‘हायपेरियन’ नावाचा सर्वांत उंच ११५ मीटरांच्या वर गेलेला. दोन हजार वर्षं जगलेले रेडवूड आहेत. उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ नसतोच, समुद्रावरून येणाऱ्या धुक्यातून ही झाडं पाणी मिळवतात. या जंगलात रशियन नदीच्या काठी गर्नव्हिल नावाचं छोटं गाव आहे, तिथे लोक सुट्टीला जातात. एकोणिसाव्या शतकात तिथली झाडं इतकी तुटली, की नुसते बुंधे उरले आणि गावाला ‘स्टम्पटाउन’ असंच टोपणनाव पडलं. जवळचं जे रान कुऱ्हाडीतून वाचवून ठेवलं, तेच बघायला आज जगभरातून माणसं येतात.

आपल्या सागाचीही तीच गत झाली. मुंबईच्या गोदीत सागाची जहाजं बांधली जात. १८१७ साली तिथे वाडियांनी बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ अजून इंग्लंडमध्ये पाण्यावर तरंगतं आहे. त्याचा साग मलबारचा होता. पण मागणी वाढली तशी इंग्रजांची नजर साल्हेरच्या पलीकडच्या डांगावर गेली, आणि १८४२ च्या सुमारास त्यांनी भिल्ल राजांकडून तिथली जंगलं पट्ट्याने घेतली. त्या राजांना मानधन देण्याचा ‘डांग दरबार’ आजही होळीच्या आधी आहव्याला भरतो. १९६० साली डांग गुजरातेत गेला, पण साग, मोह आणि सादड्याचं रान दोन्ही बाजूंना एकच आहे.

एक सूचना: साग उन्हाळ्यात पानं टाकतो. एप्रिलमध्ये जाल तर उघडं रान बघून हिरमोड होईल. पावसाळ्यात मात्र सागाच्या शेंड्यांवर पांढुरक्या फुलांचे तुरे येतात, आणि मार्चमध्ये मोहाच्या फुलांचा सडा पहाटे वेचला जातो.

१०८ फुटी आदिनाथ

ताहाराबादहून मुल्हेरकडे जाताना एका बाजूला दोन सुळके सोबत करतात, मांगी आणि तुंगी. जैनांचं हे सिद्धक्षेत्र. इथे अखंड कातळातून कोरलेली भगवान ऋषभदेवांची, म्हणजेच आदिनाथांची, १०८ फुटी मूर्ती २०१६ मध्ये पूर्ण झाली. मघाचा हायपेरियन वृक्ष शेजारी उभा केला, तर त्याच्या उंचीला पोहोचायला साडेतीन मूर्ती एकावर एक ठेवाव्या लागतील! पायथ्याला धर्मशाळा आहेत, मुक्कामाची सोय तिथे सगळ्यात सोपी. जेवण जैन पद्धतीचं, तेव्हा सूर्यास्ताआधी पंगतीला पोहोचा.

साल्हेर, सह्याद्रीतला सर्वांत उंच किल्ला

मोसम उगम पावते ती याच डोंगररांगांत. साल्हेरची उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर एकच, कळसूबाई, पण तो किल्ला नव्हे. साल्हेरच्या माथ्यावर परशुरामाचं छोटं मंदिर आहे. परशुरामाने इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण मोकळं केलं, अशी कथा सांगतात.

१६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून याच मुलखातून परतले. १६७२ च्या फेब्रुवारीत साल्हेरच्या पायथ्याला मोरोपंत पिंगळे आणि सरनौबत प्रतापराव गुजर यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेचा पराभव केला. गनिमी काव्याने नव्हे, मोकळ्या मैदानात समोरासमोर. या लढाईत सूर्यराव काकडे पडले. सभासदाने बखरीत सव्वाशे हत्ती हाती लागल्याचं नोंदवलं आहे. मराठ्यांच्या इतिहासात साल्हेरचं स्थान रायगडाच्या खालोखाल असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात नाशिक जिल्ह्यातला एकच किल्ला आहे, साल्हेर. म्हणजे जागतिक वारसा मालेगावपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे.

पोटापाण्याचं

वाटेत शेवभाजी कुठेही मिळेल. पण साल्हेर-वाघांबेच्या बाजूला एखाद्या कोकणा आदिवासी घरी आधी सांगून ठेवलंत, तर चुलीवरची नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी मिळते. तिची चव हॉटेलात नाही. मार्गशीर्षात गेलात तर याच पाड्यांवर डोंगऱ्यादेवाचा उत्सव चालू असतो आणि रात्री पावरी या वाद्याचे सूर ऐकू येतात. तिथे बसा, ऐका, पण विचारल्याशिवाय मोबाइल वर धरू नका. तो कार्यक्रम नाही, व्रत आहे.

निघताना

साल्हेरची चढाई सकाळी उजाडताच सुरू करा. माथ्याखाली गंगासागर तलाव आहे, तरी प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी सोबत असू द्या. भर पावसात कातळातल्या पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा नवख्यांनी ऑक्टोबर ते जानेवारी हाच काळ धरावा. आणि कळकळीची विनंती: मोसमवरच्या हरणबारी धरणाच्या काठावर, मुल्हेरच्या माचीवर, साल्हेरच्या तळ्यात प्लास्टिकचा एक कपटाही टाकू नका. तिथे पाण्यात पडलेली पिशवी ताहाराबाद, जायखेडा, नामपूर करत शेवटी आपल्याच पुलाखाली येते.