हृदयाचे गणित आणि चाचणीची शिस्त

ईसीजीच्या कागदावरचा एक बारीक चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. पट्टी यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या दवाखान्यात काढलेली असो की मुंबईत, माप हेच. तिच्यावरची रेघ उमटते ती हृदयाच्या पेशींमधून धावणाऱ्या विजेमुळे. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमचे आयन पेशीच्या पडद्यातल्या सूक्ष्म वाटांनी ये-जा करतात, पडद्यावरचा विद्युतदाब बदलतो आणि स्नायू आकुंचन पावतो. हा बदल समीकरणांत मांडून संगणकाकडून सोडवून घेणे म्हणजे हृदयाचे संगणकीय प्रतिमान.

म्हाकूळ या समुद्री जीवाच्या मज्जातंतूची समीकरणे हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये मांडली होती. शास्त्रज्ञ डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये लंडनला ती हृदयपेशीला लावली. विद्यापीठाचा मर्क्युरी संगणक त्यांना मिळे तो पहाटे २ ते ४ या वेळात. त्यांच्या समीकरणांतली पेशी आपोआप ठोके देऊ लागली. मात्र त्यात कॅल्शियमचा प्रवाह नव्हता. तो रॉयटर या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये दाखवला. ही पहिल्या प्रकारची चूक: आकडेमोड बरोबर होती, ज्ञान अपुरे होते.

दुसरी चूक अधिक फसवी, ती आज्ञावलीतली. मिलिव्होल्टच्या जागी व्होल्ट धरले, एखादे चिन्ह उलटे पडले, तरी संगणक अडत नाही. तो बिनचूक दिसणारा ठोका काढून देतो. गणित सोडवण्यासाठी स्नायूवर बिंदूंची जी जाळी आखतात, तीही अशीच फसवू शकते. २०११ मध्ये ११ संशोधक गटांच्या आज्ञावल्यांना एकच गणित दिले गेले: २० × ७ × ३ मिलिमीटरचा स्नायूचा ठोकळा, एका कोपऱ्यात विजेचा धक्का, समोरच्या कोपऱ्यात लाट कधी पोहोचते? जाळीच्या बिंदूंमध्ये ०.५ मिलिमीटर अंतर ठेवले तेव्हा उत्तरांत मोठी तफावत आली. ०.१ मिलिमीटरवर उत्तरे बरीच जुळली. उत्तर हृदयाचे आहे की निवडलेल्या जाळीचे, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

अंतर पाचपट कमी केले की बिंदू १२५ पट वाढतात, म्हणून महासंगणक लागतो. महाराष्ट्रात ही वाट पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ च्या परम ८००० या महासंगणकाने खुली केली. त्या कामाचे नेतृत्व करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला परम ब्रह्म सुरुवातीलाच सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडी करू शकत होता. पण वेगवान यंत्र चुकीची आज्ञावलीही तितक्याच वेगाने चालवते.

यावरचा खरा उपाय शिस्तीचा. ऑक्सफर्डमध्ये २००५ मध्ये सुरू झालेल्या 'चेस्ट' प्रकल्पाने आधी चाचणी आणि मग आज्ञावली, असा क्रम धरला. ज्याचे उत्तर कागदावर काढता येते असे गणित आधी द्यायचे. ते जमले तरच पुढे जायचे. बदल एका ओळीचा असला तरी जुन्या चाचण्या पुन्हा चालवायच्या, कोणी काय बदलले याची नोंद ठेवायची आणि आज्ञावली सर्वांना खुली करायची. असे काम संथ वाटते, पण त्यावाचून निष्कर्षाला आधार नाही. नव्या औषधाने ठोका बिघडेल का, हे ठरवण्यासाठी २०१३ पासून औषध नियंत्रकही अशा प्रतिमानांची मदत घेण्याच्या प्रयत्नात आहेत.

नोबल यांची समीकरणे आज साध्या लॅपटॉपवरही सुटतात. यवतमाळ-अमरावतीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या नेरच्या मुलामुलींनी ती जरूर सोडवून पाहावीत, पण पहिली ओळ चाचणीची लिहावी.