आजोबांना बहिणी किती?

दोस्तांनो, घरातली वंशावळ काढून बघा. नावं सगळी मुलग्यांची! आजोबांच्या बहिणी गेल्या कुठे?

त्या सापडतात सरकारी दप्तरात. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात 'कोतवाल बुक' असतं, म्हणजेच गाव नमुना 14, गावातल्या जन्म-मृत्यूंची वही. आईबाबांनी अर्ज केला की नक्कल मिळते. जुनी पानं मात्र मोडीत बरं का! जाणकार गाठावाच लागतो. पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी'. कधी थोड्याच पानांनंतर तिच्या मृत्यूची नोंद. अशी बहीण आजोबांनाही आठवत नसते.

नावं भेटतात जमिनीच्या कागदांत. खातेदार वारला की वारसांची नोंद फेरफारात, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये होते. 1956च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीही वारस ठरल्या. म्हणून पणजोबा त्यानंतर वारले असतील, तर तो फेरफार जरूर काढा. पणजी आणि आजोबांच्या बहिणी तिथे भेटतील, कधी सासरच्या आडनावासकट. मग पुढचा शोध त्या सासरी!

घरची जमीनच नव्हती? मग गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघायचं. आजोबांची बहीण शाळेत गेली असेल, तर तिचं नाव त्यात असणारच.