कळंबा तलावाची तक्रार नेमकी कुणाकडं करायची? महापालिकेच्या पर्यावरण विभागाचं काम समजून घ्या

कळंबा (ता. करवीर) : तलाव महापालिकेचा, काठावरची वस्ती ग्रामपंचायतीची आणि पाणी दोघांचं. त्यामुळं तलावात सांडपाणी मिसळलं, केंदाळ वाढलं किंवा पाण्याला वास यायला लागला, की पहिला प्रश्न एकच पडतो. तक्रार करायची कुणाकडं? ग्रामपंचायतीत जावं तर तलाव महापालिकेचा, महापालिकेत जावं तर सांडपाणी हद्दीबाहेरचं. या दोन टेबलांच्या मध्ये तक्रार अडकू नये म्हणून महापालिकेच्या पर्यावरण विभागात कोण माणसं असतात, त्यांचा अधिकार कुठवर चालतो आणि आपण काय मागायचं, ते नीट समजून घेऊया.

तलाव कुणाचा, हद्द कुणाची?

शहराच्या दक्षिणेला गारगोटी रस्त्यावर असलेला हा तलाव संस्थान काळातला, एकोणिसाव्या शतकात बांधलेला. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारं पावसाचं पाणी इथं साठतं. पावसाळ्यात पाणी २७ फुटांवर गेलं, की सांडव्यावरून वाहायला लागतं आणि बघ्यांची गर्दी होते. कळंबा गावाला आणि शहराच्या काही भागाला इथूनच पाणी जातं.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ रोजी. पण हद्द वाढलेली नाही. शहराचं क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिलं. वस्ती मात्र हद्द बघून थांबत नाही. कळंबा, पाचगाव भागात कॉलन्या वाढत गेल्या. हद्दवाढीचा वाद मिटेना म्हणून २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. म्हणजे आता बांधकामाची परवानगी एकाकडं, गटार दुसऱ्याकडं आणि तलाव तिसऱ्याकडं अशी विभागणी आहे. पाणी मात्र उतार बघून तलावाकडंच येतं.

पर्यावरण विभागात कोण काम करतं?

पर्यावरण विभाग म्हटलं की झाडं लावणारी माणसं डोळ्यासमोर येतात. तसं नाही. झाडांचं काम उद्यान विभागाकडं असतं, कचऱ्याचं आरोग्य विभागाकडं, गटारांचं ड्रेनेजकडं आणि नळाचं पाणीपुरवठा विभागाकडं. पर्यावरण विभागाचं मुख्य काम या सगळ्यांची मोट बांधायचं. पर्यावरण अभियंता, त्यांच्या हाताखालचे अभियंते आणि कर्मचारी असा हा लहान विभाग. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिसांना उत्तर, न्यायालयात आणि हरित लवादात द्यायचे अहवाल, केंद्र-राज्याच्या योजनांचे प्रस्ताव, गणेशोत्सवातलं मूर्ती आणि निर्माल्य संकलन, अशी कामं अशा विभागाकडं येतात.

पण लोकांना दिसणारं काम करणारी माणसं वेगळीच असतात. केंदाळ काढणारे, नाल्यावरच्या जाळीत अडकलेलं प्लास्टिक ओढणारे, पहाटे घंटागाडीवर जाणारे, सांडपाणी केंद्रावर रात्रपाळीत पंप सांभाळणारे. अहवालातला प्रत्येक आकडा त्यांच्या हातून गेलेला असतो. यातलं बरंच काम ठेकेदाराच्या माणसांवर चालतं. त्यांना हातमोजे, गमबूट आणि वेळेवर पगार मिळाला नाही, तर कागदावरची योजना कितीही चांगली असली तरी नाला तुंबलेलाच राहतो.

३१ जुलैचा कागद

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महापालिकेपुढं ठेवायचा असतो. पाणी, हवा, आवाज, कचरा, झाडं, वाहनं या सगळ्यांचा गेल्या वर्षाचा हिशेब त्यात येतो.

हा अहवाल सभागृहात ठेवायचा तो चर्चेसाठी. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतरची काही वर्षं प्रशासकाच्या कारभारात गेली. त्या काळात अहवालावर प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. अहवाल तयार होणं वेगळं आणि त्यावर कुणी बोट ठेवून जाब विचारणं वेगळं. नागरिकांनी तो मागून वाचला, तरच त्याचा उपयोग.

पाणी वाईट आहे, हे कसं ठरतं?

नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. पाणी हिरवं दिसलं म्हणजे विषारी आणि नितळ दिसलं म्हणजे चांगलं, असं नसतं. तपासणीत एक महत्त्वाचा आकडा असतो बीओडीचा. सोप्या भाषेत, पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, ते हा आकडा सांगतो. नमुना २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवून तो काढतात. आकडा जास्त म्हणजे घाण जास्त आणि माशांना प्राणवायू कमी.

शुद्धीकरण करून पिण्यासाठी वापरायच्या तलावात हा आकडा लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. म्हणून "पाणी घाण आहे" असं म्हणण्याऐवजी "गेल्या तीन महिन्यांतल्या तपासणीत बीओडी किती आला" असं विचारलं, तर उत्तर टाळता येत नाही. केंदाळ आणि शेवाळ वाढणं ही त्याआधीची खूण. सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर ते पोसतं, अगदी उसाला खत घातल्यासारखं. म्हणून नुसतं केंदाळ काढून भागत नाही. खत येणं थांबलं नाही तर ते परत वाढतं.

शहराचं पाणी शेवटी गावाकडंच

ही गोष्ट फक्त कळंब्यापुरती नाही. शहराचं सांडपाणी जयंती, दुधाळी यांसारख्या नाल्यांतून पंचगंगेकडं जातं. ते अडवून शुद्ध करायला कसबा बावड्यात ७६ एमएलडी आणि दुधाळीला १७ एमएलडी क्षमतेची केंद्रं आहेत. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. पण वीज गेली, पंप बंद पडला किंवा जोराचा पाऊस झाला, की नाल्याचं पाणी थेट नदीत जाऊ शकतं. त्या वेळी पाळीवर असलेल्या माणसानं किती लवकर हालचाल केली, यावर खालच्या गावांचं पाणी अवलंबून असतं.

खाली हातकणंगले आणि शिरोळ तालुके आहेत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. पंचगंगेच्या प्रदूषणाचा विषय त्यानंतर उच्च न्यायालयात गेला. तेव्हापासून महापालिकेच्या पर्यावरण विभागाला नदीचा हिशेब वारंवार द्यावा लागतो. एवढं मात्र खरं, की नदीकाठची गावं, कारखाने आणि उद्योग यांचाही वाटा त्यात आहे. सगळं एका विभागाच्या माथी मारून चालणार नाही.

हवेचा पैसा, पाण्याचा पैसा

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. ज्या शहरांत हवेचे आकडे सतत मर्यादेबाहेर होते त्यांची यादी झाली, त्यात कोल्हापूरही आहे. हवेतल्या बारीक धुळीची, म्हणजे पीएम १० ची, वर्षाची सरासरी एका घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावी लागते. या कार्यक्रमाचा निधी हवेसाठी असतो, तो तलावाला वळवता येत नाही. "पैसे आलेत, मग तलाव का साफ करत नाही?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथं असतं. प्रत्येक योजनेचा पैसा त्याच कामाला बांधलेला असतो.

गावाकडंही तसंच आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यासाठीच राखून ठेवला होता. सांडपाण्याची कामं त्यात बसत होती. त्यातून आपल्या गावात काय झालं, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

मग तक्रार करायची कशी?

१. जागा पक्की करा. कुठल्या ओढ्यातून, कुठल्या गटारातून पाणी तलावात येतंय, त्याचा तारीख आणि ठिकाणासह फोटो घ्या. "तलाव घाण झालाय" या वाक्यावर काम होत नाही, "अमुक पुलाखालच्या पाइपमधून" यावर होतं.

२. एकच अर्ज तीन ठिकाणी द्या. ज्या हद्दीतून सांडपाणी निघतं ती ग्रामपंचायत, तलावाची मालक म्हणून महापालिका आणि दोघांवरही नोटीस काढू शकणारं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. मंडळाचं कार्यालय कोल्हापुरात उद्योग भवनात आहे. अर्जावर तिन्ही नावं लिहा, म्हणजे "ते आमच्याकडं येत नाही" हे उत्तर देणं अवघड होतं.

३. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. क्रमांक नसेल तर अर्ज दिल्याचा पुरावाच राहत नाही.

४. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तलावाच्या पाणी तपासणीचे अहवाल आणि आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली, एवढंच मागा. लांबलचक प्रश्न विचारू नका.

५. ग्रामसभेत ठराव करून घ्या. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात नदी, ओढ्याबरोबर तलावही येतो. ग्रामपंचायतीनं स्वतःहून सांडपाणी वळवायचा किंवा शोषखड्ड्यांचा ठराव केला, तर महापालिकेकडं हक्कानं बोट दाखवता येतं.

विभागातली माणसं आपल्या विरोधातली नाहीत, पण त्यांच्या टेबलावर शंभर कागद असतात. ज्या कागदावर जागा, तारीख आणि मागणी स्पष्ट असते, तो आधी हलतो. पावसाळ्यात सांडव्यावर फोटो काढायला सगळेच जातात. उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर एकदा काठानं फेरी मारा. कुठून काय येतंय ते तेव्हाच उघडं पडलेलं असतं आणि अर्ज लिहायची खरी वेळ तीच.