निसटलेला मस्की किती मोठा?

गोड्या पाण्यातले दिग्गज : भाग ७

गेल्या आठवड्यात कावेरीच्या डोहांमधल्या महसीरची गोष्ट झाली. या आठवड्यात मुक्काम उत्तर अमेरिकेत, पंचमहासरोवरांच्या आसपासच्या थंड, तपकिरी पाण्यात. इथला राजा म्हणजे मस्केलंज, बोलीत मस्की. पाइक कुळातला हा सगळ्यात मोठा मासा. लांबुळकं शरीर, बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा आणि त्यात सुऱ्यांसारखे दात. १९५५ मध्ये विस्कॉन्सिनने त्याला राज्यमासा केलं. त्याच राज्यातल्या हेवर्ड गावी १४३ फूट लांबीचा, साडेचार मजली मस्की उभा आहे. पायऱ्या चढून त्याच्या उघड्या जबड्यात जाता येतं आणि दातांच्या रांगेआडून गाव पाहता येतं.

या भागातल्या गळवाल्यांची एक म्हण आहे: मस्की हा दहा हजार फेकींचा मासा. आकडा शब्दशः घ्यायचा नाही, पण आशय खरा आहे. त्यामुळे मस्कीच्या गोष्टींमध्ये पकडलेल्या माशांपेक्षा निसटलेल्यांचीच गर्दी जास्त. आणि त्या सगळ्यांत एक साम्य आढळतं. निसटलेला मासा कधीच मध्यम आकाराचा नसतो.

यावर हसून मोकळं होणं सोपं आहे. ‘गळवाले थापाच मारणार’ असं म्हटलं की विषय संपला. पण या लोकांवर तो अन्याय आहे. मस्की इतक्या वेळा का निसटतो याचं उत्तर त्याच्या शरीरात आणि सवयींत आहे, आणि निसटल्यावर तो का वाढतो याचं उत्तर माणसाच्या स्मरणशक्तीत.

आधी मासा. मस्की दबा धरून शिकार करतो. त्याच्या पाठीवरचा आणि पोटाखालचा पर अगदी शेपटीजवळ असतो, त्यामुळे एका झटक्यात तो बाणासारखा सुटतो. पण दरवेळी तो झडप घालतोच असं नाही. पुष्कळदा तो पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या आमिषाच्या मागे मागे, हातभर अंतर राखून, थेट होडीपर्यंत येतो. नुसता पाहतो आणि खाली निघून जातो. म्हणून इथले जाणकार फेक संपली तरी आमिष पाण्याबाहेर काढत नाहीत. दांडीचं टोक पाण्यात बुडवतात आणि होडीच्या कडेला इंग्रजी आठचा आकडा काढत आमिष फिरवत राहतात. मस्कीने आमिष घ्यायचं ठरवलं तर बऱ्याचदा तिथेच घेतो, माणसापासून दोन हातांवर. त्या क्षणी दोरी वीतभरच सुटलेली असते. माशाच्या धक्क्याला ताण खाणारं काहीच नसतं. दोरी तुटते, नाहीतर गळ उचकटतो.

दुसरी अडचण तोंडाची. मस्कीचं तोंड हाडांचं असतं आणि पकड इतकी घट्ट की लाकडी आमिष जबड्यात रुतून बसतं. माणूस वरून ओढतो तेव्हा आमिष जागचं हलतही नाही, मग गळाची टोकं रुतणार कशी? मासा पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो, जबडा उघडतो आणि आमिष भिरकावलं जातं. दातांनी दोरी कापली जाऊ नये म्हणून पुढे पोलादी तार लावतात, पण या झटक्यावर तारेचा इलाज चालत नाही.

सगळा प्रसंग काही सेकंदांचा. मासा मोजला जात नाही, त्याच्याशेजारी पट्टी नसते, आणि पाहणाऱ्याच्या छातीत धडधडत असतं. आता स्मरणशक्ती. २००१ साली अमेरिकेवरच्या हल्ल्यांच्या दुसऱ्याच दिवशी ड्यूक विद्यापीठात जेनिफर टॅलारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी विद्यार्थ्यांच्या दोन आठवणी लिहून घेतल्या: एक त्या बातमीची, दुसरी नुकत्याच घडलेल्या साध्या प्रसंगाची. पुढच्या काही महिन्यांत दोन्ही आठवणी सारख्याच बदलत गेल्या. मात्र हल्ल्याची आठवण तंतोतंत खरी आहे, हा विश्वास ढळला नाही. थरारामुळे आठवणीची खात्री टिकते, अचूकता टिकतेच असं नाही. गळवाला शपथेवर लांबी सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला तेवढाच मासा दिसत असतो.

त्यात भर पडते ती धक्क्यावर भेटणाऱ्या मंडळींची. १९७३ मध्ये रिचर्ड हॅरिस यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉलचा एक खेळाडू ‘किती उंच’ असेल, असं काही लोकांना विचारलं. काहींना ‘किती बुटका’ असेल, असं. पहिल्या गटाचा अंदाज सरासरी ७९ इंच आला, दुसऱ्याचा ६९. फक्त एका शब्दाने दहा इंचांचा फरक. आता होडी किनाऱ्याला लागते तेव्हा काय विचारलं जातं ते आठवा: ‘किती मोठा होता?’ किती छोटा होता, असं आजवर कोणी विचारलेलं नाही.

लांबीतली लहानशी चूक वजनात फार मोठी होते, हे तर गणितच आहे. शरीराची ठेवण तीच राहिली तर वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ५० इंचांचा मासा आठवणीत ६० इंचांचा झाला, तर लांबी वाढते २० टक्के आणि वजन ७० टक्क्यांहून जास्त. भला मोठा मासा बघता बघता विश्वविक्रमी होतो.

विश्वविक्रमाची कहाणीही याच घोळात अडकली आहे. हेवर्डजवळ चिप्पेवा फ्लोएज हा जलाशय आहे. १९२० च्या दशकात धरण बांधून जंगल बुडवलं गेलं. पाण्याखाली झाडांचे बुंधे आणि वर तरंगती दलदलीची बेटं, म्हणजे मस्कीला दडायला उत्तम जागा. २० ऑक्टोबर १९४९ रोजी लुई स्प्रे यांनी इथे ६९ पौंड ११ औंसांचा, म्हणजे सुमारे ३१.६ किलोचा, साडेत्रेसष्ट इंच लांबीचा मस्की पकडला. होडीत घेण्याआधी त्याच्यावर पिस्तूल झाडलं गेलं. तेव्हा ते कायदेशीर होतं. त्या माशाला नावही होतं, ‘दाढीवाला चार्ली’. स्प्रे यांचा हा तिसरा विक्रम, आणि संशय तेव्हापासूनच सुरू झाला. पेंढा भरून ठेवलेला मासा १९५९ च्या आगीत जळाला, त्यामुळे उरली ती छायाचित्रं. २००५ मध्ये एका अभ्यासगटाने छायाचित्रांतल्या मोजमापांवरून मासा नोंदीपेक्षा बराच लहान असल्याचा दावा केला. हेवर्डच्या ‘फ्रेश वॉटर फिशिंग हॉल ऑफ फेम’ने पुढच्याच वर्षी तो फेटाळून विक्रम कायम ठेवला. गळवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना मात्र कॅल जॉन्सन यांचा ६७ पौंड ८ औंसांचा मासा विक्रमी मानते. तोही १९४९ चाच, शेजारच्याच सरोवरातला. आणि न्यूयॉर्कच्या आर्ट लॉटन यांचा १९५७ मधला, या दोघांपेक्षा जड म्हणून नोंदवलेला मासा १९९२ मध्ये यादीतून काढला गेला, तोही छायाचित्रांच्याच आधारे. हाती लागलेल्या, तराजूत तोललेल्या माशांबद्दल एवढे वाद होत असतील, तर पाण्यात क्षणभर दिसलेल्या माशाबद्दल कोणी कोणाला खोटं ठरवावं?

मग खरे राक्षसी मस्की नाहीतच का? आहेत, आणि त्याचा पुरावा एका हाडात आहे. कल्ल्यांमागच्या क्लायथ्रम नावाच्या हाडावर झाडाच्या खोडासारखी वर्षांची वलयं असतात. कॅनडाचे मत्स्यशास्त्रज्ञ एड क्रॉसमन आणि जॉन कॅसलमन यांनी टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये अशा हाडांचा मोठा संग्रह उभा केला. मोठ्या माशात पेंढा भरून घेणाऱ्यांनी ती हाडं दिली. त्यावरून कळलं की मोठे मस्की बहुतेक माद्या असतात आणि काही तीस वर्षांच्या आसपास जगतात. म्हणजे एकाच खाडीत एकच मादी अनेक उन्हाळे दिसू शकते. ‘तीच ती’ म्हणणारा जुना गळवाला दरवेळी चुकत नाही.

या ज्ञानाने कायदे बदलले. वरच्या सेंट लॉरेन्स नदीच्या ओंटारिओच्या बाजूला आणि मिनेसोटाच्या बहुतेक पाण्यांत ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवून घेता येत नाही. १९६६ मध्ये मिनेसोटात स्थापन झालेल्या ‘मस्कीज इन्कॉर्पोरेटेड’ने पकडून सोडून देण्याचा आग्रह धरला, आणि आज ठेवता येण्याजोगा मासाही बहुतेक लोक सोडूनच देतात. सोडायचा मासा तोलण्यासाठी लटकवला तर त्याला इजा होते. म्हणून लांबी आणि घेर मोजून सूत्र लावतात: लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले ८००.

हे सूत्रही उदार आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिनेसोटातल्या मिल लॅक्स सरोवरात पावणेअठ्ठावन्न इंच लांब आणि २९ इंच घेराचा मस्की गळाला लागला. पकडणाऱ्यांनी त्याला सोडण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मासा सावरला नाही. म्हणून मग तो तोलला गेला. सूत्राप्रमाणे वजन साठ पौंडांच्या वर जातं. काटा ५५ पौंड १४.८ औंसांवर थांबला. तरीही १९५७ पासूनचा ५४ पौंडांचा राज्यविक्रम मोडला. सूत्राने पाच पौंड वाढवले, आणि तेही टेप हातात असताना.

मिनेसोटाने २०१६ मध्ये जिवंत सोडलेल्या माशांसाठी विक्रमांचा वेगळा वर्ग सुरू केला. त्यात वजन विचारत नाहीत. पट्टीवर ठेवलेल्या माशाचं छायाचित्र लागतं. जून २०२२ मध्ये त्याच मिल लॅक्समध्ये सव्वाअठ्ठावन्न इंचांचा मस्की पकडून, मोजून सोडला गेला. राज्यात सर्वांत जड ठरलेल्या माशापेक्षा तो अर्धा इंच लांब होता. या सरोवरात मस्की मुळात नव्हतेच; १९८० च्या दशकापासून सरकारी मत्स्य विभागाने इथे पिल्लं सोडली.